बापाच्या ढिगातले गहू

सखूताईंची भांडी अर्धीच घासून झाली होती. कढई आणि दोन ताटं फेसात पडलेली, नळाचं पाणी जायला दहा मिनिटं उरलेली, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून चंचल ओरडत आली, "फुईआजी, तारी चोपडी आवी गई!"

चंचल ही सखूताईंच्या भावाची नात, म्हणून फुईआजी, म्हणजे आत्याआजी. शाळा मराठी, पाचवीचा वर्ग, पण तोंडात गुजराती. आमच्या सुरतेच्या नवागामात पोरांचं असंच आहे. तिच्या हातात नवंकोरं पुस्तक होतं. मुलांसाठीची कादंबरी. तिच्या शाळेतल्या पांडुरंग सरांनी लिहिलेली. एकाहत्तरची लढाई चालू असताना खानदेशातल्या एका खेड्यात वाढणाऱ्या मुलीची गोष्ट. ती मुलगी म्हणजे आमच्या सखूताई. मागच्या उन्हाळ्यात सरांनी चार दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून सगळं उतरवून घेतलं होतं. मी शेजारीण, समोर वाती वळत बसायची, त्यामुळे मीही सगळं ऐकलं.

मला वाटलं, बाईला आनंद होईल. सखूताईंनी हात पदराला पुसले, पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे तू वाचून दाखवणार कोणाला गं?"

"मोठ्या मायला. सर म्हणाले, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला रोज एक धडा वाचून दाखवायचा. होमवर्क छे."

सखूताई होत्या तिथंच मोरीच्या कडेला बसल्या. नळ गेला. ताटांवरचा फेस ताटांवरच वाळला.

मोठी माय म्हणजे उषाबाई, सखूताईंच्या आई. वय एक्क्याऐंशी. मागच्या गल्लीत भगवानभाऊंकडे, म्हणजे मुलाकडे राहतात. डावा कान साफ गेलेला, उजव्यानं ऐकतात, आणि ऐकलेलं विसरत नाहीत. सखूताई स्वतः बासष्टच्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूल नाही. मार्केटातून साड्यांचं पोटलं येतं, साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापून ते परत द्यायचं, हे त्यांचं काम. दुसरीपर्यंत शाळा. अक्षरं जुळवत बसल्या तर पाटी वाचता येते, पुस्तक नाही.

त्या का घाबरल्या, ते कळायला त्यांनी चौथ्या दुपारी सरांना काय सांगितलं ते आधी लिहिते.

पहिल्या तीन दुपारी सगळं पोरांच्या पुस्तकाजोगं होतं. बापाचं नाव दगा, फौजेत ट्रक चालवायचा. विमानं येतील म्हणून पाटलानं दवंडी पिटली आणि आजीनं कंदिलाला काळा कागद गुंडाळला. पोरं बाभळीच्या काठ्या घेऊन लढाई खेळायची आणि दुश्मन व्हायला कोणी तयार नसायचं, म्हणून सखूलाच दुश्मन करून शेण मारायची. जानेवारीत कागद आला, त्यात लिहिलं होतं, बेपत्ता. मेला असं नाही, सापडला असंही नाही. मास्तरांनी तो तीनदा वाचून दाखवला आणि तिन्ही वेळा आजीनं त्यांनाच शिव्या दिल्या.

चौथ्या दुपारी सखूताईंनी कात्री खाली ठेवली.

आमच्याकडे श्रावणात कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरातला, जिताजागता. मेलेल्याची मूठ मोजत नाहीत. बहात्तरच्या श्रावणात पाऊस नव्हता, गहू औषधाला मिळत नव्हता, सरकारी लाल ज्वारीची भाकरी एकवेळ. आजीनं कुठूनसे गहू आणले आणि सुपात चार ढीग मांडले. एक आजोबांचा, एक दगाचा, एक उखाकाकाचा आणि एक भाईदास या धाकट्या काकाचा. दगा तिथं नव्हता, म्हणून त्याची मूठ आजीनं आपल्या मुठीनं मोजली. सखूला सांगितलं, "चिमण्या हाकल, मी जातं धुऊन येते."

नऊ वर्षांची पोर, आदल्या सकाळपासून उपाशी. घरात पुरुष आधी जेवायचे, मग बाया, उरलं तर पोरी. तिनं गहू खाल्ले. चारी ढिगांतले चार-चार दाणे घेतले असते तर कोणाला कळलं नसतं. तिनं बापाचा ढीग खाल्ला, सगळा. सरांनी विचारलं, त्यांचाच का? तर सखूताई म्हणाल्या, "बाकीचे मारतील वाटलं. बाबा काही म्हणणार नाहीत."

आजी आली, तिनं सूप पाहिलं. पोरीला विचारलंसुद्धा नाही. छाती बडवून ओरडली, "कानबाई मायनं मूठ उचलली! मना दगा गया वं!" गल्ली गोळा झाली. कागदानं जे सांगितलं नव्हतं ते देवीनं सांगितलं, असं सगळ्यांनी मानलं. त्याच दुपारी उषाबाईंना उंबऱ्यात बसवून वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. सखू खांबाला धरून उभी होती. कच्चे गहू चावले की त्यांचा चिकट गोळा होतो. तो गोळा तिच्या गालात होता. गिळता येईना, थुंकता येईना.

दोन महिन्यांनी उषाबाईंचा पाट उखाकाकाशी लावला. अठ्ठाविसाव्या वर्षी, दिराशी. उखानं पहिल्याच वर्षी एका थपडीत डावा कान घालवला. भगवानभाऊ हे उखाचे. पुढं सगळं बिऱ्हाड लूमच्या कामाला सुरतेला आलं, उखाही इथंच वारला. आणि दगा आला नाही. मेल्याचाही कागद कधी आला नाही.

हे सखूताईंनी त्रेपन्न वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. सरांना सांगितलं, कारण पुस्तक शाळेत राहणार आणि आईला वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्या सरांना जाऊन भेटल्या. मला सोबत नेलं.

"ताई, घाबरू नका," सर म्हणाले. "मी नावं बदलली आहेत. पुस्तकात तुम्ही मैना आहात."

"नाव बदललं, मूठ बदलली का?"

"ती कशी बदलणार? पुस्तकाचा जीवच तिथं आहे. आणि शेवट मी गोड केलाय. मैनाचे वडील परत येतात. पोरांच्या पुस्तकाचा शेवट काळा नको."

"तेवढं पान काढता येईल का?"

"पाचशे प्रती वाटल्या ताई." सर हसले. वाईट माणूस नाही. त्यांना खरंच वाटत होतं की बाई लाजते आहे.

मग सखूताई चंचलचं पुस्तक एका संध्याकाळपुरतं मागून माझ्याकडे घेऊन आल्या. "कुठलं पान आहे ते दाखव, मी फाडते." मी नाही म्हटलं. पुस्तक म्हणजे सरस्वती, फाडू नये, पाप लागतं, असं सांगितलं. त्या पुस्तक घेऊन निघाल्या. घरी जाऊन त्यांनी स्वतःच पानं चाळली, सुपाचं चित्र दिसलं ते पान ओढून काढलं आणि चुलीत घातलं. ते नुसतं चित्राचं पान निघालं. पाठीमागं कोरं. मजकूर पुढच्या पानावर जसाच्या तसा होता. मी तेव्हा पान दाखवलं असतं तर, हे मी रोज दिवा लावताना देवीला विचारते.

चंचल रोज दुपारी एक धडा वाचायची. पणजीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, ठासून. सखूताई रोज साड्यांचं पोटलं घेऊन तिथं जाऊन बसायच्या. उषाबाईंना पुस्तक आवडलं होतं. "हाई तं आपलंच गाव दिखस वं," त्या म्हणायच्या, "हा पाटील तं हुबेहूब आपलाच." पोरं शेण मारतात तिथं त्या दात नसलेल्या तोंडानं खूप हसल्या.

नववा धडा बुधवारी आला. रोटाचे गहू निवडायचा दिवस होता, म्हणून घरात सगळे होते. भगवानभाऊंची पाळी सुटलेली, त्यांची बायको सुवर्णा परातीत गहू घेऊन बसलेली, मीही मदतीला गेले होते. चंचलनं सूप वाचलं, ढीग वाचले, मैनाची भूक वाचली. परातीतले हात हळूहळू थांबले. मैनानं बापाचा ढीग खाल्ला तिथं चंचलचा आवाज जरा बारीक झाला.

"थांबू नको. वाच," उषाबाई म्हणाल्या.

बांगड्या फोडल्या, तेही वाचून झालं. सखूताई साडीवर वाकून धागे कापत होत्या. एका जागी साडीच कापली गेली.

"अशी आंडेर," उषाबाई म्हणाल्या, म्हणजे अशी मुलगी, "जल्मतीच नरडं दाबी टाकाले पाहिजे. मंग? मारं का तिले कोणी?"

"ना, मोठी माय. कोणाला खबरच पडत नाही. लास्टमां तिचे पप्पा परत येतात."

"आन ती सांगत नही?"

"नाही."

"कुत्री," उषाबाई म्हणाल्या.

सखूताईंनी कात्री ठेवली. "माय, ती पोर मी शे."

नेमक्या त्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. उषाबाईंना ऐकू गेलं नाही. "काय म्हनस?" सखूताईंना उठून पलीकडे जावं लागलं आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणावं लागलं, एकदा नाही, दोनदा. दाराबाहेर भाजीची गाडी उभी होती, तिथल्या बायांनीसुद्धा ऐकलं.

उषाबाई परातीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सुवर्णा, मूठभर गहू दे तिले."

"माय, काय चाललंय?" भगवानभाऊ म्हणाले.

"दे म्हनतस ना."

सुवर्णानं परातीतले गहू सखूताईंच्या हातावर ठेवले.

"खाय. मना समोर खाय."

सखूताईंच्या तोंडात मागच्या तीनच दाढा आहेत. त्यांनी गहू तोंडात टाकले आणि चावायला लागल्या. कच्चा गहू दगडासारखा. चंचल रडायला लागली, तिला सुवर्णानं आत नेलं. उषाबाई बोलत होत्या, अगदी सावकाश, भाव विचारावा तशा.

"बांगड्या फोड्यात तवय तोंडमा व्हता?"

सखूताईंनी मान हलवली, हो.

"मना पाट लागना, त्या दिवशी?"

नाही, अशी मान हलली.

"तवय तोंड रिकामं व्हतं ना?"

हो.

"मना कान फुटना तवय?"

सखूताई चावायच्या थांबल्या.

"तवयबी रिकामंच व्हतं," उषाबाई म्हणाल्या. "मंग बोलनी का नही?"

सखूताईंनी पदरात थुंकायला तोंड वळवलं, तर उषाबाई म्हणाल्या, "गिय." गिळ. त्यांनी गिळलं.

मला वाटलं, आता जे व्हायचं ते होऊन गेलं. म्हातारी रागावली, शिक्षा केली, संपलं. पण उषाबाई भिंतीला टेकून बोटांनी काही मोजत होत्या. मग मुलाला म्हणाल्या, "देवीनं काही उचललं नव्हतं. पोरनं खादं. मंग त्यासनी मूठ बंद काबरं केली? औंदा एक मूठ वाढाव."

भगवानभाऊंना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा चेहरा उतरला. बावन्न वर्षं या घरात उखाचं नाव बाप म्हणून घेतलं गेलं. कानबाईला चलथाणपासूनचे भाऊबंद जमतात. त्यांच्यासमोर दगाच्या नावानं मूठ टाकायची, म्हणजे दगा जिता होता, म्हणजे आईचा पाट लागायलाच नको होता, म्हणजे भगवानभाऊ कोण?

"माय, तो आज सत्त्याऐंशीचा असता."

"असू दे. येईल असं मी कुठं म्हनस? मेल्याचं कोणी सांगेपर्यंत मूठ पडती. तूच पोरांना शिकवस ना असं?"

"मग माझा बाप चोर?"

"तू तुझ्या बापाचाच. मी कधी नाही म्हटलं? मूठ मोज."

भगवानभाऊ लूमवर मास्तर आहेत. साठ माणसांवर ओरडायची सवय. पण आईवर त्यांनी आवाज चढवला नाही. ते सखूताईंकडे वळले. "आक्का, तेव्हा बाप खाल्ला, आता माझं घर खा. पोट भरलं की सांग." मग आईला म्हणाले, "या घरात त्याची मूठ पडणार नाही. ज्याला टाकायची त्यानं दुसरीकडे टाकावी."

"बरं," उषाबाई म्हणाल्या आणि काठी मागितली.

त्या खरंच उठतील असं कोणाला वाटलं नव्हतं. सुवर्णा आडवी आली, "माय, सणाच्या तोंडावर असं करतात का? लोक काय म्हणतील?" तिला काठीनंच बाजूला केलं. दोन गल्ल्या त्या चालत आल्या, थांबत थांबत. सखूताई हात धरायला गेल्या तर झिडकारला. माझा धरला. सखूताईंच्या खोलीत शिरल्यावर मला म्हणाल्या, "तिला सांग, इथं आली म्हणजे माफ केलं असं समजू नको. जागा दुसरी नव्हती."

सखूताई दीड हातावर उभ्या होत्या. तरी मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांग तिला, समजले."

गुरुवारी भगवानभाऊंकडे मुठी मोजल्या गेल्या. चौकातल्या गिरणीवाल्यानं दरवर्षीसारखी चक्की धुऊन पुसून आधी रोटाचं दळण काढलं. रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत निघाली, आमच्या गल्लीवरून गेली. सखूताई दारात आल्या आणि हात जोडले. पुढून जाताना भगवानभाऊंनी बघितलं नाही. मिरवणुकीतली एक बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "गहू झाकून ठेवा गं बायांनो." चार जणी हसल्या. सखूताई मिरवणूक वळेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. उषाबाई आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून होत्या. सखूताईंच्या खोलीत देवी नाही, पुरुष नाही, तिथं मूठ टाकायची कोणासमोर? ती पडलीच नाही. घर सोडलं, सण सोडला, आणि दगाचं नाव यंदाही कुठं घेतलं गेलं नाही.

पंधरा दिवस झाले. एका खोलीत दोघी राहतात. आई मुलीशी बोलत नाही. काही हवं असलं तर मला हाक मारतात, मी नसले तर काठी आपटतात. सखूताई भाकरी कुस्करून दुधात घालून ठेवतात आणि पाठ फिरवून धागे कापत बसतात, कारण समोर बसलं तर उषाबाई खात नाहीत. एकदा मी म्हटलं, "आजी, तेव्हा नऊ वर्षांची होती हो ती." त्या म्हणाल्या, "नऊची किती दिवस व्हती? मंग दहाची झाली, वीसची झाली, पन्नासची झाली." चंचल एकदा आली होती, पुस्तकाचा शेवटचा धडा वाचायचा राहिला म्हणून. उषाबाई म्हणाल्या, "तो खोटा शे. नको."

काल सुवर्णानं एका पिशवीत सासूची लुगडी, चष्मा आणि आधारकार्ड आणून दिलं. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "यांनी आमच्या रेशनकार्डातून मायचं नाव कमी करायला अर्ज दिलाय. तुम्ही तुमच्यात चढवून घ्या." सखूताईंना फॉर्म भरता येत नाही, म्हणून मी भरायला बसले. नाव, वय, पत्ता लिहिलं. पुढं पतीचं नाव होतं. आधारकार्डावर उखाचं होतं, मी तेच उतरवायला घेतलं.

उषाबाईंनी पलंगावरून विचारलं, "काय लिखी राहिनी?"

मी सांगितलं.

जुनी बाई. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, दोघांपैकी एकाचंही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दगा लिख."

"आजी, कार्डावर दुसरं आहे. ऑफिसात फॉर्म परत करतील."

"करू दे. परत लिखजो."

मी सखूताईंकडे पाहिलं. त्यांनी कात्री थांबवली नाही. "ती सांगते ते लिही," म्हणाल्या.

मी लिहिलं. उद्या सकाळी साडीचं पोटलं देऊन झालं की सखूताई तो फॉर्म घेऊन रेशनकार्डाच्या ऑफिसात जाणार आहेत.